स्लाउ म्हटलं की नाकं मुरडतात, विंडसर म्हटलं की माना डोलतात: ब्रिटनमध्ये जागांची ‘पत’ ठरते कशी?

नवा_भाडेकरू

सप्टेंबरपासून लंडनला बदली आहे. ऑफिस पॅडिंग्टन स्टेशनला लागून, आठवड्यातून तीन दिवस हजेरी. मुलं दोन, सप्टेंबरात धाकटी ‘इयर थ्री’त बसेल, थोरला ‘इयर फाइव्ह’मध्ये. घर भाड्यानेच घ्यायचंय. यादीत स्लाउ, लँगली, मेडनहेड आणि विंडसर आहेत.

तिथल्या इंग्रज मंडळींना स्लाउ सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: "ओह... वेल, इट्स व्हेरी हँडी." विंडसर म्हटलं की "ओह, लव्हली!" वर एक सल्ला असाही की पत्ता सांगताना स्लाउ म्हणू नका, बर्कशायर म्हणा (ही तिथली काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी). नकाशात दोन्ही गावं जेमतेम तीन किलोमीटरवर दिसतात.

तर हे नाक मुरडणं कशावरून ठरतं, त्याचा शाळा, प्रवास, खर्च यांच्याशी खरोखर काही संबंध आहे का, आणि भारतात बसून एखादी गल्ली तपासायची तर कशी? "सगळीकडे चांगले-वाईट लोक असतात" हे माहीत आहे, ते कृपया नको.

---

टपालपेटी

बर्कशायर म्हणायला सांगणाऱ्यांना एवढंच कळवा की विंडसर कासलचा पोस्टकोड एसएल४ १एनजे आहे, आणि त्यातलं ‘एसएल’ म्हणजे स्लाउ. राजाच्या वाड्यालाही स्लाउची अक्षरं सुटलेली नाहीत.

पोस्टकोड फोडून वाचायला शिकलात की अर्धा गोंधळ मिटतो. सुरुवातीची अक्षरं म्हणजे टपालाचा विभाग. त्यापुढचा आकडा म्हणजे जिल्हा. मग मोकळी जागा, मग एक आकडा, आणि शेवटची दोन अक्षरं. ती दोन अक्षरं अगदी मूठभर घरांवर येतात, सरासरी पंधराएक. एसएल१ ते एसएल३ मध्ये स्लाउ, लँगली, डॅचेट. एसएल४ विंडसर आणि ईटन. एसएल५ म्हणजे घोड्यांच्या शर्यतींचं अ‍ॅस्कट. एसएल६ मेडनहेड, एसएल७ मार्लो, एसएल९ जेरर्ड्स क्रॉस. यातली शेवटची तीन-चार नावं ऐकून लोक अदबीने बोलतात. अक्षरं मात्र सगळ्यांची तीच, कारण टपालखात्याने ती पत्रांच्या छाननीच्या सोयीसाठी दिली, गावाच्या इभ्रतीसाठी नाही.

लंडनमध्ये याहून मोठी फसगत होते. तिथले आकडे १९१७ मध्ये पडले. प्रत्येक विभागाच्या मुख्य कचेरीला १, बाकीच्यांना गावाच्या नावाच्या वर्णानुक्रमाने. म्हणून ई२ बेथनल ग्रीन, ई३ बो, आणि ई४ थेट एपिंगच्या जंगलाच्या काठावरचं चिंगफर्ड. एसई२ हे अ‍ॅबी वुड. ‘अ’ने सुरू होतं म्हणून दोन नंबर मिळाला, प्रत्यक्षात ते लंडनच्या पूर्व टोकाला. आकडा लहान म्हणजे मध्यवस्तीजवळ आणि भारी, असं समजून नवीन माणूस एसई१ शेजारी एसई२ शोधतो आणि तास-तास प्रवास करतो. (एस आणि एनई हे विभाग लंडनकडे होते, पण ते एकोणिसाव्या शतकातच मोडीत निघाले. आज एस म्हणजे शेफील्ड आणि एनई म्हणजे न्यूकॅसल.)

गंमत अशी की सोयीसाठी दिलेल्या अक्षरांना लोकांनी कुळ मानलं. लिव्हरपूलच्या समोरच्या काठावरच्या विरल भागाला पूर्वी लिव्हरपूलचं ‘एल’ होतं; १९९९ मध्ये ते बदलून चेस्टरचं ‘सीएच’ झालं. घरं तिथेच, नदी तिथेच. आणि ई२० हा पोस्टकोड तर आधी टीव्हीवरच्या एका मालिकेतल्या काल्पनिक वस्तीचा होता; २०११ मध्ये तो खऱ्याखुऱ्या ऑलिंपिक पार्कला दिला.

काउंटीचंही तसंच. १९९६ पासून टपालखात्याला पत्त्यात काउंटी लागत नाही. तरीही हॅरो, ट्विकनमकडे लोक ‘मिडलसेक्स’ लिहितात, जी काउंटी १९६५ मध्येच बरखास्त झाली. क्रॉयडन ‘सरी’ लिहितं, ब्रॉमली ‘केंट’ लिहितं, मँचेस्टरला चिकटलेलं ऑल्ट्रिंगम ‘चेशर’ लिहितं. पत्त्यात सरकारी गरज नसलेली काउंटी दिसली की समजा, लिहिणाऱ्याला काहीतरी सुचवायचंय.

---

जुनी_वही

स्लाउची बदनामी पायरीपायरीने दाखवता येते.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी सरकारने तिथे लष्करी गाड्यांच्या दुरुस्तीचं प्रचंड आवार काढलं. १९२० मध्ये ते गाड्यांसकट खासगी कंपनीला विकलं. लोक त्याला ‘द डंप’ म्हणत, म्हणजे उकिरडाच. गाड्या संपत आल्यावर शेड भाड्याने द्यायला सुरुवात झाली आणि स्लाउ ट्रेडिंग इस्टेट उभी राहिली. मार्स चॉकलेट १९३२ मध्ये इथेच पहिल्यांदा बनलं. १९३० च्या दशकातल्या मंदीत वेल्सच्या कोळसाखाणींतले बेकार इथे कामाला आले, दुसऱ्या युद्धानंतर पोलिश, कॅरिबियन, पंजाबी, पाकिस्तानी. १९३७ मध्ये एका इंग्रज कवीने बॉम्बना स्लाउवर येऊन पडायचं आमंत्रण देणारी कविता लिहिली आणि ती शाळाशाळांत पोहोचली. २००६ मध्ये, कवीच्या जन्मशताब्दीला, त्याच्या मुलीने वडिलांना तिचा पश्चात्ताप होता असं सांगून गावाची माफी मागितली, पण तोवर शिक्का बसला होता. २००१ मध्ये एका गाजलेल्या विनोदी मालिकेला रटाळ ऑफिस हवं होतं, तेही स्लाउमध्येच घातलं.

म्हणजे गुन्हा काय, तर इथे माल बनतो. ब्रिटिश वर्गव्यवस्थेत ‘ट्रेड’ हा शब्द दीर्घकाळ शिवीसारखा वापरला गेला. पैसा जमिनीतून, वारशातून आला तर घरंदाज. कारखान्यातून आला तर तीन पिढ्या थांबा. बर्मिंगहॅमची कुचेष्टा होते ती याच हिशोबाने. आणि नदीच्या कुठल्या काठावर यावरून पत ठरते म्हणाल तर तसं काही नाही हो, ईटनची बड्या घरच्यांची शाळा थेम्सच्या स्लाउकडच्याच काठावर आहे.

पूर्व लंडन गरीब आणि पश्चिम श्रीमंत का, यामागे चक्क वारा आहे. इंग्लंडात वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून वाहतो. कोळशाच्या काळात धूर पूर्वेकडे जायचा, नदीचा प्रवाहही पूर्वेकडे, त्यामुळे घाण तिकडेच. गोद्या, चामड्याचे आणि हाडं उकळायचे धंदे तिकडे. ज्याला परवडलं तो वाऱ्याच्या उगमाकडे सरकला. धूर गेला, भाव राहिले.

लंडनच्या पूर्वेला लागून असलेल्या एसेक्स काउंटीची हेटाळणी हा त्याचाच पुढचा अध्याय. पूर्व लंडनच्या कामगारांसाठी लंडन काउंटी कौन्सिलने १९२१ पासून डॅगनमजवळ बेकन्ट्री वसाहत बांधली, सुमारे २६,००० घरं. १९३१ मध्ये तिथे फोर्डचा कारखाना आला. १९४६ च्या कायद्याने नवी शहरं निघाली, त्यात एसेक्समध्ये हार्लो आणि बॅसिल्डन. मग १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. कामगाराच्या हाती घर, गाडी, स्पेनची सुट्टी आली, आणि बोलण्याची ढब तीच राहिली. ‘एसेक्स मॅन’, ‘एसेक्स गर्ल’ हे टोमणे त्यानंतरचे. ऑक्सफर्डच्या, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशातून ‘एसेक्स गर्ल’ ही नोंद २०२० मध्ये काढावी लागली. म्हणून मी म्हणेन, एसेक्सला हसतात ते गरिबीमुळे नाही, गरिबी सोडल्यामुळे.

उत्तरेला याचं जुळं भावंड चेशरमध्ये: ऑल्डर्ली एज, विल्म्स्लो, प्रेस्टबरी. फुटबॉलपटूंचे बंगले, विजेवर उघडणारी फाटकं. घरांच्या किमती डोळे फिरवणाऱ्या, पण जुनी घराणी त्याला ‘फ्लॅश’, म्हणजे भपकेबाज, म्हणून नाक उडवणार. तिकडे खऱ्या जुन्या घराण्याचा दिवाणखाना थंडगार, गालिचा विरलेला, कुत्र्याचे केस सोफ्यावर. आपल्याकडे बडा घर पोकळ वासा ही टीका आहे, तिथे तीच पदवी.

आणि पत बदलतेही. नॉटिंग हिल १९५८ मध्ये वांशिक दंगलींसाठी आणि खुराड्यासारख्या भाड्याच्या खोल्यांसाठी कुप्रसिद्ध होतं. आज डब्ल्यू११ ऐकून दलाल खुर्ची पुढे करतो. पण २०१७ मध्ये ७२ माणसं जिथे जळून मेली तो ग्रेनफेल टॉवरही डब्ल्यू११ मध्येच. इझलिंग्टनसारख्या कामगार वस्त्यांत शिकलेले लोक घरं घ्यायला लागले तेव्हा रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द घडवला. काही गावांना धीर निघत नाही, ती नावच बदलतात: २०१२ मध्ये स्टेन्सचं ‘स्टेन्स-अपॉन-थेम्स’ झालं. नदी आधीही तिथूनच वाहत होती.

---

खडेमीठ

वहीकाकांचा इतिहास पक्का आहे, पण ‘ट्रेड’पाशी थांबून चालणार नाही. २०२१ च्या जनगणनेत स्लाउचे निम्म्याच्या जवळपास रहिवासी आशियाई वंशाचे आहेत. आज "व्हेरी हँडी" म्हणताना जो सूर लागतो त्यात कारखान्याचा वास कमी आणि फोडणीचा जास्त असतो. हे तोंडावर कोणी म्हणत नाही, म्हणून सांकेतिक भाषा आहे, आणि ती दलालांच्या जाहिरातींत छापून येते.

‘लीफी’ म्हणजे झाडं, पण त्याआधी मालकीची घरं, दोन गाड्या आणि बहुतांश गोरी वस्ती. ‘व्हायब्रंट’ म्हणजे बाजार, मिश्र वस्ती, रात्री अकरापर्यंत चिकनची दुकानं उघडी. ‘अप अँड कमिंग’ म्हणजे अजून आलेलं नाही, भाडं मात्र आल्यासारखं. ‘बॉर्डर्स’ हा शब्द दिसला की नकाशा उघडा: ‘क्लॅपम बॉर्डर्स’ म्हणजे क्लॅपम नव्हे, शेजारचं काहीतरी. ‘व्हिलेज’ शहराच्या मध्यातही असतं, डलिच व्हिलेज, विम्बल्डन व्हिलेज, वॉल्थमस्टो व्हिलेज. तिथे जुन्या चार गल्ल्या, एक पब आणि महागडा पाव. ‘कन्व्हीनियंट फॉर द स्टेशन’ म्हणजे खिडकीखालून गाडी जाते. ‘डिसेप्टिव्हली स्पेशस’ मधला ‘स्पेशस’ वाचू नका, पहिला शब्द वाचा.

‘इस्टेट’ची तर दैना. कौन्सिल इस्टेट म्हणजे सरकारी वसाहत, कंट्री इस्टेट म्हणजे सरदाराची शेकडो एकर जमीन, आणि मराठी माणूस ऐकतो तेव्हा त्याला वडिलोपार्जित मालमत्ता आठवते. "आय लिव्ह ऑन अ‍ॅन इस्टेट" हे वाक्य तिथे जपून उच्चारा. ‘ऑन’ आणि ‘हॅव’मध्ये चारशे वर्षं आहेत.

कागदी भाषा कशी असते याचं आपल्याला जवळचं उदाहरण: प्रिमरोझ हिलजवळ, एनडब्ल्यू३ मध्ये १० किंग हेन्रीज रोड. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, संग्रहालयाला कॅमडन कौन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली, अपील होऊन २०२० मध्ये ती मिळाली. आक्षेप होते निवासी जागा कमी होण्याचे, आवाजाचे, गर्दीचे. कोणाच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही. मात्र भारी वस्तीत कुठलाही बदल अडवायचा तर अर्ज याच शब्दांत लिहिला जातो, मग विषय संग्रहालय असो, नर्सरी असो की बेघरांचा निवारा.

---

फलाट_क्रमांक_चार

आता कामाचं बोलू. चारही गावं तुमच्या कामांच्या क्रमाने.

प्रवास. स्लाउहून पॅडिंग्टनला जलद गाडी साधारण वीस मिनिटांत पोहोचते. एलिझाबेथ लाइन ही लंडनची उपनगरी रेल्वे थांबत थांबत जाते, अर्ध्या तासाहून थोडी जास्त धरा. विंडसरला दोन स्टेशनं. सेंट्रलवरून फक्त एक छोटी शटल, सहा मिनिटांची, आणि ती तुम्हाला आणून सोडते कुठे, तर स्लाउला. तिथे गाडी बदलून पॅडिंग्टन. दुसरं रिव्हरसाइड, तिथली गाडी वॉटर्लूला जाते आणि तासाभराची आहे. तुमच्या काही कामाची नाही. म्हणजे विंडसरमध्ये राहिलात तरी रोज सकाळी स्लाउच्या फलाटावर उभं राहायचंच, वर शटल चुकण्याची भीती. मेडनहेडला जलद गाड्याही आहेत, पण नेमक्या तुमच्या वेळेच्या किती ते वेळापत्रकात मोजा. लँगलीला जलद गाडी थांबत नाही. आणखी एक: ऑयस्टर हे लंडनच्या प्रवासाचं कार्ड वेस्ट ड्रेटनच्या पुढे चालत नाही, एलिझाबेथ लाइनवर बँकेचं कॉन्टॅक्टलेस रेडिंगपर्यंत चालतं. ऑयस्टरने चढून स्लाउला उतरलात तर दंडाचा विषय होतो.

शाळा. इथे खरी गंमत आहे. स्लाउ १९७४ पर्यंत बकिंगमशायरमध्ये होतं आणि तिथली ग्रामर स्कूलची पद्धत घेऊनच बर्कशायरमध्ये आलं. चार सरकारी, बिनफीच्या ग्रामर शाळा: हर्शल, लँगली, अप्टन कोर्ट, सेंट बर्नार्ड्स. सगळ्या इंग्लंडात अशा १६३ उरल्यात. प्रवेश परीक्षेने, आणि प्रमाणित गुण १११ ही पात्रतेची रेषा. परीक्षा ‘इयर सिक्स’च्या सुरुवातीला सप्टेंबरात, पण नोंदणी त्याआधीच्या उन्हाळ्यात संपते. तुमचा थोरला ‘इयर फाइव्ह’मध्ये येतोय, म्हणजे पोहोचल्यावर बरोबर एक वर्ष हाताशी. बहुतेक नवीन पालक इथेच चुकतात: परीक्षा सहावीत आहे म्हणून सहावीत चौकशी करतात. पात्र ठरणं म्हणजे प्रवेश मिळणं नव्हे, हेही लक्षात ठेवा; पुढे शाळेपासूनचं अंतर आणि प्रत्येक शाळेचे निकष लागतात. माध्यमिकचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, घराच्या पत्त्याच्या कौन्सिलकडे. विंडसर-मेडनहेडचे पालक याच परीक्षेला मुलं बसवतात. नाक मुरडणं आठवड्याचे सहा दिवस, शनिवारी क्लास स्लाउमध्ये.

विंडसरची पद्धत वेगळीच आहे, त्रिस्तरीय: फर्स्ट स्कूल ‘इयर फोर’पर्यंत, मिडल ‘इयर एट’पर्यंत, मग अपर. तुमची दोन मुलं दोन वेगळ्या शाळांत जातील आणि सकाळी पावणेनऊला तुम्हाला दोन फाटकांवर उभं राहावं लागेल. मेडनहेडला हा प्रश्न नाही. अधल्यामधल्या वर्गात प्रवेश असल्याने शाळेचं नाव बघून घर घेऊ नका. आधी कौन्सिलला ईमेल करून ‘इयर थ्री’ आणि ‘इयर फाइव्ह’मध्ये आज जागा कुठे आहेत ते विचारा. चांगली शाळा घरासमोर असून भरलेली असेल तर मूल दोन मैलांवर जातं.

खर्च. कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, भाडेकरू भरतो, मालक नाही. घरांचे गट ए ते एच, आणि गट ठरतो १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरून. होय, अजूनही. ‘एच’वाला ‘डी’च्या दुप्पट भरतो, ‘ए’वाला दोन तृतीयांश. विंडसर-मेडनहेडचा दर वर्षानुवर्षं स्लाउपेक्षा कमी आहे. स्लाउ कौन्सिलने २०२१ मध्ये दिवाळखोरीसमान नोटीस काढली आणि २०२३ मध्ये कर ९.९९ टक्क्यांनी वाढवला. तेव्हा इथे नाक मुरडायला खरं कारण आहे: खड्डे, वाचनालयाच्या वेळा, कचरा. मोटार विम्याचा हप्ताही पोस्टकोडवर बदलतो. घर पक्कं करण्याआधी दोन्ही पत्ते टाकून भाव काढा, फुकट असतं.

पाणी आणि विमानं. वर्गाचा शिष्टपणा जिथे साफ तोंडावर पडतो ती ही जागा. नदीकाठचं घर म्हणजे प्रतिष्ठा, पण २०१४ च्या सुरुवातीला डॅचेट आणि रेझबरीत थेम्स घरांत शिरली. मेडनहेड ते विंडसरच्या बचावासाठी सुमारे ११ किलोमीटरचा ज्युबिली रिव्हर हा कालवा २००२ मध्ये पुरा झाला, तो डॅचेटपाशी संपतो. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून पूरधोका बघा: नदीचा वेगळा, पावसाच्या पाण्याचा वेगळा. हीथ्रोचं असं: पूर्वेचा वारा असला की विमानं विंडसर-डॅचेटच्या डोक्यावरून उतरतात. पश्चिमेच्या वाऱ्याला ती लंडनवरून येतात, म्हणजे रिचमंड, क्यू या अतिप्रतिष्ठित भागांवरून. घर बघायला गेलात त्या दिवशी शांत होतं याचा अर्थ वारा पश्चिमेचा होता, एवढाच.

गल्ली. सरकारचा ‘वंचितता निर्देशांक’ नकाशावर मोफत आहे. सुमारे दीड हजार लोकवस्तीचा एकेक तुकडा करून त्याला दहापैकी श्रेणी देतात. १ म्हणजे सर्वांत वंचित. उत्पन्न आणि रोजगार यांना प्रत्येकी २२.५ टक्के वजन, शिक्षण आणि आरोग्याला १३.५, बाकी गुन्हे, घरं आणि परिसर. एकूण श्रेणीवर जाऊ नका, उपश्रेण्या उघडा. ‘घरं व सेवा’ या रकान्यात सुखवस्तू खेडीही वाईट दिसतात, कारण दवाखाना आणि दुकान लांब. स्कॉटलंड आणि वेल्सचे निर्देशांक वेगळे, इंग्लंडशी ताडून बघायचे नाहीत. पोलिसांच्या नकाशात गुन्हा दिसतो तो जवळच्या ठरावीक बिंदूवर, नेमक्या दारावर नाही. आणि स्टेशन, सुपरमार्केट जवळ असलं की आकडा फुगतो तो दुकानातल्या चोऱ्यांनी.

---

डोंगराआडून

सगळे लंडनभोवतीच फिरताय, म्हणून उत्तरेचं थोडक्यात.

इथे दुकानावरून पत मोजतात: दक्षिणेत वेटरोज, लँकशरमध्ये बूथ्स ही भारीतली सुपरमार्केटं. जेवणाच्या शब्दावरूनही. दुपारचं ‘डिनर’ आणि संध्याकाळचं ‘टी’ म्हणणारा उत्तरेचा किंवा कामगार घरातला; ‘लंच’ आणि ‘सपर’ म्हणणारा दुसऱ्या टोकाचा. ‘टॉयलेट’ऐवजी ‘लू’, ‘सेटी’ऐवजी ‘सोफा’, ‘सर्व्हिएट’ऐवजी ‘नॅपकिन’ अशा धर्तीची यादी एका भाषाशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडली होती, आणि थट्टेने का होईना, लोक अजून ती पाळतात. तुम्ही परदेशी उच्चाराने काहीही म्हणा, या परीक्षेत तुम्हाला बसवतच नाहीत. फायदा घ्या.

बर्मिंगहॅमशेजारचं सटन कोल्डफील्ड १९७४ मध्ये बर्मिंगहॅममध्ये विलीन झालं, पण पाटीवर ‘रॉयल’ टिकवून आहे. एडिंबरात "कुठल्या शाळेत होतात?" हा प्रश्न बापाची ऐपत विचारतो, ग्लासगोत तोच प्रश्न तुम्ही कॅथलिक की प्रॉटेस्टंट हे विचारतो. वेल्समध्ये वेल्श बोलणाऱ्या कार्डिफच्या प्रतिष्ठितांना ‘क्राखाख’ म्हणतात, म्हणजे तिथे भाषेनेच वर चढता येतं.

उच्चार मात्र आधी पाठ करा, तिथे खरोखर पकडतात. स्लाउ ‘काऊ’शी जुळतं, ‘स्लो’ नाही. बाकी नावांतही इंग्रजी स्पेलिंगवर जाऊ नका, म्हणायचं असं: बिस्टर, सदर्क, होबन, राय्स्लिप. ग्लासगोजवळचं श्रीमंत उपनगर लिहितात ‘मिल्नगेव्ही’सारखं आणि म्हणतात ‘मलगाय’.

---

नवा_भाडेकरू

फलाटराव, शटलचं आणि विंडसरच्या दोन फाटकांचं कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. आता लँगली आणि मेडनहेड उरलेत. दोन शंका: एक, नोकरीच्या कागदांवर पत्त्यामुळे काही फरक पडतो का? दोन, लँगलीत जी स्वस्त घरं दिसतात त्यांत बरीच ‘एक्स-लोकल’ लिहिलेली आहेत. घ्यावीत का?

---

फलाट_क्रमांक_चार

पत्ता: २०१० च्या समानता कायद्यात नऊ संरक्षित गुण आहेत, त्यात वर्ग नाही आणि पोस्टकोडही नाही. पण तुमची बदली आहे, मुलाखत नाही. कोणी बघणार नाही. बँक आणि विमा कंपन्या मात्र पोस्टकोडवरून ग्राहकांचे गट पाडणारी तयार वर्गवारी विकत घेतात. तिथे ‘बर्कशायर’ लिहून काही होत नाही, त्या यंत्राला शेवटच्या दोन अक्षरांसकट पोस्टकोडच कळतो.

एक्स-लोकल म्हणजे पूर्वीचं कौन्सिलचं, आता खासगी मालकाचं. भाडेकरूसाठी बहुधा फायद्याचं: त्याच भाड्यात खोल्या मोठ्या, कपाटांना जागा, मागे अंगण. दुमजली विटांचं घर असेल तर डोळे झाकून बघायला जा. मोठ्या इमारतीतला फ्लॅट असेल तर तीन गोष्टी विचारा: गरम पाणी आणि हीटिंग सामाईक आहे का आणि बिल कोणाच्या नावे, लिफ्ट मागच्या सहा महिन्यांत किती दिवस बंद होती, आणि बाहेरच्या भिंतीच्या आच्छादनाचं काम बाकी आहे का. विकत घ्यायची वेळ आली तर प्रकरण वेगळं. साच्यातल्या काँक्रीटच्या काही घरांना १९८४ च्या कायद्याने सदोष ठरवलंय, आणि उंच इमारतींवर किंवा उघड्या गॅलऱ्यांच्या ब्लॉकवर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत.

लँगलीचं घर बघायला जाल तेव्हा कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला जा आणि स्टेशनपर्यंत चालत या.

---

खडेमीठ

आणि कोणी विचारलं तर नुसतं "लँगली" म्हणा. निम्म्यांना ते स्लाउमध्ये आहे हे ठाऊक नसतं, त्यामुळे ते "ओह, लव्हली" म्हणून मोकळे होतात.

---

टपालपेटी

पोस्टकोड एसएल३ आहे, डॅचेटचाही तोच.